शब्द गुन्हा कधी ठरतो?

आपल्या अंकासाठी कविता किंवा कथा देताना हल्ली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात : "हे छापलं तर कुणी केस तर टाकणार नाही ना?" पूर्वी लिहिणाऱ्याला काळजी असायची ती आपलं लेखन छापण्याइतकं चांगलं आहे का याची. आता त्याआधी पोलीस ठाणं आठवतं. विशीतल्या मुलाच्या मनात कवितेच्या पहिल्या ओळीआधी कलम क्रमांक येत असेल, तर त्याबद्दल साहित्य मंडळाने बोललंच पाहिजे, असं मला वाटतं.

याच मुलांच्या मनात दुसराही एक प्रश्न असतो, तो मात्र मोठ्याने विचारला जात नाही. उद्या आपल्या धर्मावरून, जातीवरून, भाषेवरून कुणी लोकांना चिथावलं, तर कायदा आपल्या पाठीशी उभा राहील का? आपण बेळगावात राहून मराठी लिहितो-वाचतो. आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, आणि वर्गात सगळ्या धर्मांची, सगळ्या जातींची मुलं एका बाकावर बसतात. इथला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या हिशेबात अल्पसंख्य आहे. त्यामुळे द्वेषाविरुद्धचा कायदा हवा की लेखकाचं स्वातंत्र्य हवं, यातलं एकच निवडण्याची चैन आपल्याला परवडत नाही. आपल्याला दोन्ही हवं आहे.

या दोहोंचा मेळ आपल्याकडे कायद्याने कसा घातला आहे आणि तो नेमका कुठे बिघडतो, हे या लेखात सांगायचा प्रयत्न करतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्या कायद्यात लेखकासाठी संरक्षण आहे, आणि ते चांगलं आहे. पण ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ठेवलेलं आहे. तिथपर्यंत चढता चढता लेखकाचा दम संपतो. ते पहिल्या पायरीवर आणायला हवं.

द्वेषगुन्हा आणि द्वेषभाषण

आधी दोन शब्द वेगळे करू, कारण चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळतात.

द्वेषगुन्हा म्हणजे असा गुन्हा, जो एरवीही गुन्हाच असतो : मारहाण, जाळपोळ, खून. फरक इतकाच की बळी पडलेल्या माणसाची निवड त्याच्या धर्मामुळे, जातीमुळे किंवा भाषेमुळे झालेली असते. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं गाडीत झोपली असताना जिवंत जाळली गेली. तिथे वैयक्तिक भांडण नव्हतं. ते कोण आहेत, एवढंच कारण पुरलं. अशा गुन्ह्याचा घाव एका घरावर पडतो, पण दहशत सगळ्या समाजात पसरते. म्हणून अनेक देशांत त्याला वेगळी, वाढीव शिक्षा असते.

भारतात 'द्वेषगुन्हा' या नावाचा एकच सर्वसमावेशक केंद्रीय कायदा नाही. पण त्या जातीच्या तरतुदी आहेत. १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा ही त्यातली सर्वांत ठळक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०३ (२) आहे. पाच किंवा जास्त माणसांनी मिळून वंश, जात, समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते.

द्वेषभाषणाचं तसं नाही. तिथे हात उचललेला नसतो, फक्त शब्द असतात. बोललेले, लिहिलेले, चितारलेले, फॉरवर्ड केलेले. लेखकाचा संबंध येतो तो इथे. दोन कलमं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. न्याय संहितेचं कलम १९६ (जुन्या दंडविधानातलं १५३ अ) धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात अशा कारणांवरून समूहासमूहांत वैर पसरवण्याबद्दल आहे. सीमाभागातल्या वाचकांनी यातला 'भाषा' हा शब्द नीट पाहून ठेवावा, तो आपल्याला वाचवूही शकतो आणि अडकवूही शकतो. कलम २९९ (जुनं २९५ अ) धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. दोन्हीत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि धर्मस्थळात वैर पसरवलं तर पाच वर्षांपर्यंत. दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, आणि जामीन हा हक्काने मिळत नाही, तो न्यायालयाकडे मागावा लागतो.

कलम जन्मलं तेव्हाच शंका होती

१५३ अ हे कलम इंग्रजांनी १८९८ मध्ये आणलं. २९५ अ च्या जन्माची कथा मात्र थेट एका पुस्तकाची आहे. १९२४ मध्ये लाहोरात प्रेषित महंमदांची निंदा करणारी एक पुस्तिका निघाली. लेखकाचं नाव छापलेलं नव्हतं. खटला भरला गेला तो राजपाल या प्रकाशकावर. १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टाचे न्यायमूर्ती दलीप सिंग यांनी त्यांना सोडून दिलं. पुस्तिका त्यांनाही आवडलेली नव्हती. पण दिवंगत धर्मपुरुषावरची टीका १५३ अ मध्ये बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पंजाबात गदारोळ उठला आणि त्याच वर्षी सरकारने २९५ अ हे नवं कलम आणलं.

त्या विधेयकावरच्या चर्चेत बॅरिस्टर जिनांनी एक इशारा दिला होता. धर्मनिंदकांना शिक्षा व्हावी, याला त्यांचा पाठिंबा होता. पण इतिहासाचा शोध घेणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे लोक या कायद्यातून सुरक्षित राहिले पाहिजेत, हेही त्यांनी बजावलं. कलमात 'बुद्ध्याच आणि दुष्ट हेतूने' असे शब्द आहेत. नुसती भावना दुखावली म्हणून गुन्हा होत नाही. दुखवायचीच, ही खुनशी इच्छा असावी लागते.

पुढे काय झालं? राजपाल कायद्याने सुटले होते, पण ६ एप्रिल १९२९ रोजी त्यांच्या दुकानात त्यांचा खून झाला. नवं कलमही त्यांना वाचवू शकलं नाही. या गोष्टीतून मला जे दिसतं ते असं : लेखक-प्रकाशक द्वेषाच्या कायद्याखाली आरोपी असू शकतो, तसा द्वेषाचा बळीही असू शकतो. आपल्याला फार लांब जायला नको. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात 'शिवाजी कोण होता?' लिहिणाऱ्या गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडमध्ये डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घरी गोळी घातली गेली. एक गाव आपल्या वरच्या अंगाला, एक खालच्या. म्हणून द्वेषाविरुद्धचा कायदा लेखकाचा शत्रूच असतो, असं मी मानत नाही. लेखकालाही त्याची गरज आहे.

न्यायालयांनी घालून दिलेल्या कसोट्या

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) ने अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आणि १९ (२) ने त्यावर 'वाजवी' बंधनं घालायची मुभा सरकारला दिली. सार्वजनिक सुव्यवस्था हे त्यातलं एक कारण. मग २९५ अ घटनेत बसतं का, हा प्रश्न १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. रामजीलाल मोदी हे एका मासिकाचे संपादक होते, त्यांच्या खटल्यात. पाच न्यायमूर्तींनी कलम वैध ठरवलं, पण एक रेघ ओढून. धर्माचा प्रत्येक अपमान या कलमात येत नाही, फक्त बुद्ध्याच, दुष्ट हेतूने केलेला, गंभीर स्वरूपाचा अपमान येतो.

त्यानंतरच्या निकालांतून ज्या कसोट्या घडत गेल्या, त्या मी माझ्या शब्दांत चार ओळींत मांडतो.

पहिली, हेतू. लिहिणाऱ्याला वैर पेटवायचं होतं का?

दुसरी, दोन समूह. १९९७ मध्ये हैदराबादच्या बिलाल अहमद कालू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वैर पसरवण्याच्या कलमासाठी किमान दोन समूह लागतात. एकाच समाजाच्या भावना चाळवल्या आणि दुसऱ्याचा उल्लेखच नाही, तर ते कलम लागत नाही.

तिसरी, संपूर्ण वाचन. एक ओळ, एक परिच्छेद तोडून काढायचा नाही. पुस्तक अख्खं वाचायचं. मराठी वाचकाला ही कसोटी समजावून सांगायला नको. 'बलुतं', 'अक्करमाशी', 'उपरा' ही आत्मकथनं आठवा. गावकुसाबाहेरच्या माणसाला काय ऐकून घ्यावं लागतं, हे सांगायचं तर ते शब्द पानावर येणारच. शब्द तोडून काढला तर ती शिवी ठरते. पुस्तकात, त्याच्या जागी ठेवला तर ती साक्ष होते. अत्याचार सांगणाऱ्याला अत्याचारी ठरवायचं नसेल, तर अख्खं वाचण्यावाचून इलाज नाही.

चौथी, वाचक कोण? ही मला सर्वांत आवडती कसोटी, आणि तिचा उगम आपल्या जवळचा, नागपूरचा आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने. कमकुवत, डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने मोजायचा नाही. १९८८ मध्ये भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली 'तमस' ही मालिका दूरदर्शनवर लागली, तेव्हा फाळणीतल्या दंगली दाखवल्याने पुन्हा दंगली होतील म्हणून ती थांबवा, अशी मागणी झाली. सर्वोच्च न्यायालयाने बोस यांचंच माप वापरलं आणि मालिका चालू राहू दिली.

ही मापं आपल्याला न आवडणाऱ्या पुस्तकालाही लागू होतात, हे विसरू नये. नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे याचं 'गांधीहत्या आणि मी' हे मराठी पुस्तक सरकारने १९६७ मध्ये १५३ अ चा आधार घेऊन सरकारजमा केलं. १९६९ मध्ये मुंबई हायकोर्टाने पुस्तक समग्र वाचलं आणि जप्तीचा हुकूम रद्द केला. मला त्या पुस्तकाबद्दल काडीचंही प्रेम नाही. पण आपल्या आवडीच्या पुस्तकांपुरतंच स्वातंत्र्य असेल तर त्याला स्वातंत्र्य म्हणायचं कशाला?

मग लेखक गप्प का होतो?

कसोट्या इतक्या चांगल्या आहेत, तर मुलांना भीती का वाटते? कारण या सगळ्या कसोट्या न्यायालयात लागतात. पोलीस ठाण्याच्या टेबलावर त्या लागत नाहीत. आणि लेखकाची गाठ आधी पडते ती त्या टेबलाशी.

जेम्स लेन या अमेरिकी अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरच्या इंग्रजी पुस्तकाचं उदाहरण घ्या. पुस्तक २००३ चं. त्यातल्या मजकुरावरून महाराष्ट्रात तीव्र संताप उसळला. प्रकाशकाने त्याच वर्षी ते बाजारातून मागे घेतलं. तरी ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला आणि संशोधकांच्या पिढ्यांनी जपलेल्या ठेव्याची नासधूस झाली. त्यानंतर लेखक आणि प्रकाशकावर १५३ अ खाली गुन्हा नोंदला गेला, पुस्तकावर बंदी आली. गुन्हा रद्द झाला तो एप्रिल २००७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. बंदी मुंबई हायकोर्टाने त्याच महिन्यात उठवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर जुलै २०१० मध्ये शिक्कामोर्तब केलं. पुस्तकातल्या मजकुराचा समाचार इतिहासकारांनी पुराव्यांनी घ्यायचा होता, तो घ्यायला कुणाचीच आडकाठी नव्हती. पण कायदेशीर प्रश्नाचं शेवटचं उत्तर मिळायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत दुसऱ्या किती अभ्यासकांनी विषय बदलले असतील, त्याची नोंद कुठल्याच निकालपत्रात नसते.

तमिळ कादंबरीकार पेरुमाळ मुरुगन यांच्या बाबतीत तर न्यायालयाआधीच सगळं उरकलं. 'मादोरुभागन' ही त्यांची कादंबरी २०१० ची. चार वर्षं ती शांतपणे वाचली गेली. २०१४ च्या अखेरीस तिच्याविरुद्ध आंदोलन पेटलं. जानेवारी २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने 'शांतता बैठक' बोलावली आणि त्या बैठकीत लेखकाने बिनशर्त माफी लिहून दिली. मग मुरुगन यांनी फेसबुकवर जाहीर केलं, की लेखक पेरुमाळ मुरुगन मेला आहे. जुलै २०१६ मध्ये मद्रास हायकोर्टाने त्या बैठकीतलं माफीपत्र लेखकावर बंधनकारक नाही असं ठरवलं, कादंबरीविरुद्धच्या मागण्या फेटाळल्या आणि लेखकाने पुन्हा लिहितं व्हावं अशी इच्छा व्यक्त केली. ते लिहूही लागले. पण प्रत्येक मुरुगनच्या पाठीशी हायकोर्ट उभं राहतंच असं नाही. तालुक्याच्या गावातला कवी माफीपत्रावर सही करतो आणि घरी जातो. त्याची बातमीही होत नाही.

तिसरं उदाहरण सर्वांत बोलकं आहे. जुलै २०२० मध्ये शिलाँगमध्ये बास्केटबॉल खेळणाऱ्या बिगरआदिवासी मुलांवर हल्ला झाला. 'शिलाँग टाइम्स'च्या संपादक पॅट्रिशिया मुखीम यांनी फेसबुकवर लिहिलं, की हल्लेखोरांवर कारवाई झाली पाहिजे. गुन्हा नोंदला गेला तो मुखीम यांच्यावर, समाजांत तेढ पसरवल्याचा! राज्याच्या हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्याय मागणारं लेखन म्हणजे द्वेषभाषण नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ. द्वेषगुन्ह्याविरुद्ध लिहिणाऱ्यालाच द्वेषाच्या कलमात गोवता येतं, तेव्हा त्या कलमाने दुबळ्याचं रक्षण कसं व्हायचं?

आता जिना स्पष्ट दिसतो. पहिली पायरी : कुणाची तरी तक्रार. दुसरी : एफआयआर. तिसरी : अटक, जामीन, मोबाइल-लॅपटॉप जप्त. कधी वेगवेगळ्या गावांत एकाच मजकुरावर चार चार गुन्हे. चौथी : आरोपपत्र. खटला पुढे चालवायचा तर सरकारची मंजुरी लागते, ही एक गाळणी आहे. पण ती लागते न्यायालयाने दखल घेण्याच्या वेळी, अटकेच्या वेळी नव्हे. पुस्तकजप्तीविरुद्ध दोन महिन्यांत हायकोर्टात जाता येतं आणि तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ ते ऐकतं, ही दुसरी गाळणी. तीही जप्तीनंतरची. हेतू होता का, अख्खं वाचलं का, धीट वाचकाचं माप लावलं का, हे प्रश्न विचारले जातात ते सगळ्यांत वर. खाली फक्त एकच प्रश्न असतो : किती लोक जमलेत?

दोन आदेश

इथे कुणी म्हणेल, मग पोलिसांचे हातच बांधून टाका. तेही चालणार नाही. व्यासपीठावरून एखाद्या समाजाला संपवण्याची भाषा होते आणि पोलीस 'तक्रार आली नाही' म्हणून बसून राहतात, हा अनुभवही याच देशातला आहे. म्हणूनच ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडच्या पोलिसांना बजावलं, की द्वेषभाषण झालं तर तक्रारीची वाट पाहू नका, बोलणाऱ्याचा धर्म पाहू नका, स्वतःहून गुन्हा नोंदवा. एप्रिल २०२३ मध्ये हा आदेश सर्व राज्यांना लागू केला गेला.

आणि मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाचा दुसरा निकाल आला. कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांनी गुजरातेतल्या जामनगरच्या एका सामुदायिक विवाह सोहळ्याचा व्हिडिओ टाकला. त्याला पार्श्वभूमी म्हणून एक उर्दू कविता होती. कलम १९६, २९९ वगैरे लावून गुन्हा नोंदला गेला. हायकोर्टाने तो रद्द केला नाही. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी कविता वाचली. ती अन्यायाला प्रेमाने सामोरं जायला सांगते, कुठल्याही धर्माविरुद्ध नाही, असं म्हणून त्यांनी गुन्हा रद्द केला. नागपूरचं ते जुनं माप त्यांनीही वापरलं.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचं पुढचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ (३) आहे. ज्या गुन्ह्याला तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षा आहे, त्यात उपअधीक्षकाच्या परवानगीने पोलीस १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात आणि प्रथमदर्शनी गुन्हा दिसतो का ते पाहू शकतात. न्यायालयाने सांगितलं, की बोलण्या-लिहिण्याबद्दलच्या अशा प्रकरणांत ही चौकशी आधी करणं नेहमीच योग्य. म्हणजे गुन्हा नोंदवण्यापूर्वी मजकूर वाचा!

एक आदेश म्हणतो लगेच नोंदवा, दुसरा म्हणतो आधी वाचा. यात विसंगती आहे का? मला तशी वाटत नाही. जमलेल्या गर्दीसमोर एखादा माणूस 'त्यांची दुकानं जाळा' म्हणतो, तेव्हा शब्द आणि आग यांत काही मिनिटांचं अंतर असतं. तिथे १४ दिवस थांबता येत नाही. कविता, कथा, शोधनिबंध हे एकट्याने, बसून वाचले जातात, त्यांच्यावर उत्तर देता येतं, दुसरी कविता लिहिता येते. तिथे १४ दिवस थांबल्याने कुणाचं घर जळत नाही. दुखावलेलं मन आणि चिथावलेला जमाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी वाद आहे, परीक्षण आहे, प्रत्युत्तर आहे. कायद्याचं काम दुसऱ्याशी आहे.

संरक्षण कलमातच हवं

इंग्लंडने हाच प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखं आहे. तिथे धार्मिक द्वेष भडकवण्याविरुद्धचं विधेयक आलं तेव्हा लेखकांची 'पेन' ही संघटना आणि 'मिस्टर बीन' म्हणून आपल्याला ठाऊक असलेले रोवन अ‍ॅटकिन्सन विरोधात उभे राहिले. धर्मद्वेष्ट्यांना शिक्षा होऊ नये, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. विनोद आणि टीका त्यात भरडली जाऊ नये, एवढंच होतं. वरिष्ठ सभागृहाने दुरुस्त्या केल्या. त्या फेटाळायचा सरकारचा प्रयत्न ३१ जानेवारी २००६ रोजी कनिष्ठ सभागृहात २८३ विरुद्ध २८२, म्हणजे एका मताने फसला. पंतप्रधान टोनी ब्लेअर त्या मतदानाला नव्हतेच, ते आधी निघून गेले होते! झालेल्या कायद्यात तीन गोष्टी आल्या. शब्द नुसते अपमानकारक असून भागत नाही, धमकावणारे असावे लागतात. द्वेष भडकवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. आणि धर्मावरची चर्चा, टीका, थट्टा या कायद्याने रोखली जाणार नाही, असं स्वतंत्र कलम त्यात लिहिलेलं आहे. पोलिसाला ते निकालपत्रांत शोधावं लागत नाही, कायद्याच्या पानावरच दिसतं.

हे आपल्याला आत्ताच का सांगायचं? डिसेंबर २०२५ मध्ये इथे बेळगावातच भरलेल्या अधिवेशनात कर्नाटक विधिमंडळाने द्वेषभाषण आणि द्वेषगुन्हे प्रतिबंधाचं विधेयक मंजूर केलं. असे कायदे पुढेही येतील, इतर राज्यांतही येतील. त्यांचं आंधळं स्वागत करायला नको, आणि आंधळा विरोधही नको. कुठलंही असं विधेयक हातात आलं, की साहित्याच्या विद्यार्थ्याने त्याला पाच प्रश्न विचारावेत. व्याख्येत हेतूचा शब्द आहे का? नुसती 'नाराजी' पुरते की चिथावणी लागते? साहित्य, संशोधन, धर्मचिकित्सा यांना सूट आहे का, आणि ती सिद्ध करायचा बोजा लेखकावर आहे की सरकारवर? शिक्षा सात वर्षांवर नेऊन १७३ (३) चा दरवाजा बंद तर केलेला नाही ना? आणि ज्या दुबळ्यासाठी कायदा केला म्हणतात, त्याची तक्रार खरोखर घेतली जाईल अशी सोय त्यात आहे का?

आणि आपला अंक?

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर अंक काढायचाच आहे. संपादन मंडळात माझ्या वाट्याला येणारं साहित्य वाचताना मी न्यायालयाच्याच कसोट्या वापरतो, कारण त्या मूळच्या चांगल्या वाचकाच्या कसोट्या आहेत. कविता पूर्ण वाचतो. बोलणारं पात्र कोण आणि कवी कोण, हे वेगळं धरतो. लेखन सत्तेला, रूढीला, धर्मातल्या अन्यायाला प्रश्न विचारत असेल, तर ते कितीही झोंबलं तरी छापायचं. ते एखाद्या समूहाला माणसातून उठवत असेल, त्यांना किडे-मुंग्या ठरवत असेल, 'यांना धडा शिकवा' म्हणत असेल, तर कितीही वृत्तबद्ध असलं तरी परत करायचं. परत करताना कारण लिहून द्यायचं. 'उगाच भानगड नको' हे कारण चालणार नाही, कारण ते जमावाचं कारण आहे.

एखाद्या लेखनाने कुणी खरोखर दुखावलं, तर त्यांना पुढच्या अंकात तेवढीच जागा द्यायची. दुखावलेल्या माणसाला खोटं पाडायची गरज नाही. त्याचं दुखणं खरं असू शकतं. फक्त त्या दुखण्याला उत्तर पानावर मिळावं, कोठडीत नको.

व्हिव्हियन बोस यांनी वर्णन केलेला तो समंजस, खंबीर, धीट वाचक कायद्याने तयार होत नाही. तो वर्गात, ग्रंथालयात, आपल्यासारख्या मंडळांच्या चर्चेत तयार होतो. न आवडलेलं पुस्तक शेवटपर्यंत वाचणारी माणसं गावात पुरेशी असली, की तक्रारीचा कागद घेऊन निघालेल्या जमावातली चार माणसं तरी वाटेत थांबतील आणि विचारतील, "तुम्ही ते वाचलंय का?" तेवढा प्रश्न जरी पहिल्या पायरीवर विचारला गेला, तरी लिहिणाऱ्याला खूप.